रिव्हर्स सेन्सर-कॅमेरा किट: बडोद्याच्या पोळांत किती कामाचं?

कार अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळणारं हे किट आता बहुतेकांच्या ओळखीचं आहे. चार सेन्सर, पत्त्यांच्या कॅटएवढा कंट्रोल बॉक्स, एक बझर, सुपारीएवढा कॅमेरा, पाच-सहा मीटरची पिवळ्या पिनची व्हिडिओ केबल आणि बंपरला भोकं पाडायला 22 मिलिमीटरचं होल-सॉ. काही खोक्यांत सोबत स्क्रीन बसवलेला आरसाही येतो. निकाल आधीच सांगून टाकतो: सेन्सर ठीक, कॅमेरा त्याहून चांगला, आरसा घेऊ नका. आणि फिटिंग गचाळ झालं तर तिन्ही फुकट.

गरज कुणाला आहे? 1 जुलै 2019 पासून आपल्याकडे नव्या प्रवासी गाड्यांना रिव्हर्स पार्किंग अलर्टची सक्ती झाली, त्यामुळे त्यानंतरच्या बेस व्हेरिअंटलाही कंपनीचे सेन्सर मिळतात. कॅमेरा मात्र बऱ्याच मॉडेलांत वरच्या व्हेरिअंटसाठी राखून ठेवलेला असतो. तेव्हा 2019 नंतरची गाडी असेल तर फक्त कॅमेरा घ्या. त्याआधीची असेल तर पूर्ण किट.

जुन्या पद्धतीने मान वळवून मागे घ्यायला काय झालं, असं घरातली वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांच्या काळच्या गाड्यांना मागची काच खाली उतरलेली होती आणि छत पेलणारे खांब बोटभर जाड होते. आता खिडक्यांची खालची रेघ मागे जाताना वर चढते, मागचे खांब जाडजूड झालेत (छताची मजबुती आणि कर्टन एअरबॅग दोन्ही त्यांच्याच डोक्यावर), वर स्पॉयलर, आत तीन हेडरेस्ट. उरते ती टपालपेटीच्या फटीएवढी काच. त्यावर आपण उन्हासाठी काळी जाळी चिकटवतो. मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा मोटार वाहन नियम 100 सांगतो. दंडाचं राहू द्या, पण संध्याकाळी सात वाजता त्या जाळीतून काय दिसतं ते एकदा बघाच.

एक मोजणी घरच्या घरी करता येते. 80 सेंटीमीटर उंचीचं एक खोकं गाडीच्या मागे ठेवा आणि ड्रायव्हरच्या सीटवरून आतल्या आरशात ते दिसेपर्यंत कुणाला तरी मागे सरकवायला सांगा. दीड वर्षाचं मूल साधारण तेवढंच उंच असतं. बंपरपासून खोक्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. जो आकडा येईल, तेवढी जमीन तुम्ही रोज न बघता मागे घेताय. अमेरिकेच्या नियमातला चाचणीचा नळकांडाही 80 सेंटीमीटर उंच आणि 30 सेंटीमीटर रुंद असतो. तिथे गाडीमागचा 10 फूट रुंद आणि 20 फूट लांब पट्टा पडद्यावर दिसावा लागतो आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत चित्र यावं लागतं. मे 2018 पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना हे लागू आहे. हा दोन सेकंदांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे स्टिरिओ तपासताना लागेल.

आधी सेन्सर. हा सुमारे 40 किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, आपल्या कानाला न ऐकू येणारा, आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. उन्हाळ्यात 44 अंशांवर आवाज जरा जलद धावतो, म्हणून एक मीटरवर तो चारेक सेंटीमीटर कमी दाखवेल. चूक सुरक्षित बाजूची आहे, सोडून द्या. खरी अडचण उंचीची. सेन्सर जमिनीपासून 50 ते 65 सेंटीमीटरवर बसतो आणि त्याचा झोत आडवा रुंद, उभा अरुंद असतो. आता रावपुऱ्यातली किंवा वाडीतली एखादी पोळ, म्हणजे जुन्या शहरातली अरुंद गल्ली, डोळ्यांसमोर आणा. घराच्या ओट्याची पहिली पायरी वीत-दीड वीत उंच, झोताच्या पार खाली. दीड मीटरवर असताना ती कदाचित पकडली जाईल, जवळ गेलात की झोताखालून निसटते आणि बझर गप्प होतो. बझर थांबला म्हणजे जागा आहे असं समजून माणूस क्लच सोडतो, आणि बंपरचा खालचा ओठ पायरीवर. भाजीच्या लारीचं (हातगाडीचं) उलटं: फळी सेन्सरच्या वर, बाहेर आलेली, चाकं आत. सेन्सर चाक मोजतो आणि फळी आधी डिकीच्या काचेला टेकते. उभ्या ट्रकच्या मागच्या फाळक्याचंही तसंच.

बारीक लोखंडी खांब, गेटची साखळी, वाळत घातलेली चादर, झोपलेलं कुत्रं यांवरही सेन्सरचा भरवसा धरू नका. बारीक किंवा गोल वस्तू आवाज इकडेतिकडे उडवते, मऊ वस्तू पिऊन टाकते. तिरपी भिंतसुद्धा प्रतिध्वनी भलतीकडे पाठवते. आणि 25-30 सेंटीमीटरच्या आत स्वस्त सेन्सर आंधळाच असतो, कारण 30 सेंटीमीटरवरून प्रतिध्वनी पावणेदोन मिलिसेकंदांत परत येतो आणि तोवर सेन्सरचा स्वतःचा पडदा थरथरायचा थांबलेला नसतो. सलग ‘टीं’ वाजला की थांबायचं. सलग वाजल्यावर अजून वीतभर घेऊ, असं करणाऱ्यांचेच बंपर रंगाला येतात.

वेगाचा हिशोबही करून ठेवा. ताशी 5 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 1.4 मीटर. या किटचा बझर साधारण दीड मीटरपासून वाजू लागतो. म्हणजे त्या वेगाने पाय ब्रेकवर जाईपर्यंत सगळी जागा संपलेली असते. अर्ध्या क्लचवर, चालत्या माणसापेक्षा हळू, एवढाच या किटचा वेग.

बसवताना काय चुकतं? पहिली चूक, सेन्सर उलटा किंवा आडवा बसवणं. त्याच्या पाठीवर बाण असतो किंवा ‘वर’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द कोरलेला असतो, तो आकाशाकडेच हवा. आडवा फिरला तर रुंद झोत जमिनीकडे जातो आणि सपाट रस्त्यावरही बझर ओरडत राहतो. दुसरी, बंपर खालच्या बाजूला आत वळलेला असताना सपाट रिंग वापरणं. किटमध्ये तिरपी रिंग असते, ती नेमकी खोक्यातच राहते. तिसरी, मागे लोखंडी गार्ड किंवा टो-हुक लावलेला असणं. सेन्सर त्यालाच अडथळा समजतो, मग फिटर कंट्रोल बॉक्सची संवेदनशीलता कमी करून देतो आणि तुम्ही खूश. गार्ड काढा, तो तसाही कायद्यात बसत नाही. दोन सेन्सरमध्ये 30 ते 40 सेंटीमीटर अंतर हवं, चारही एका पातळीत हवेत, आणि भोक पाडण्याआधी बंपरच्या आत हात घालून पाहायला हवं की मागे लोखंडी बीम तर नाही. प्लास्टिकला एकदा भोक पडलं की पडलं. गाडीच्या रंगात सेन्सर रंगवायचा हट्ट असेल तर पातळ एकच हात. जाड थराने पडदा बधिर होतो.

एसटी बसशेजारी उभं राहिल्यावर बझर उगाच किंचाळतो, त्यात किटचा दोष नाही. एअर ब्रेकच्या फुसकाऱ्यात त्याच पट्टीतला आवाज असतो.

आता कॅमेरा, आणि पैसे खर्चायचे ते इथेच. ओट्याची पायरी, साखळी, कुत्रं, लारीची फळी, जे जे सेन्सरला चुकतं ते कॅमेऱ्यात दिसतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘170 अंश’ लिहिलेलं असतं. तो आकडा बहुतेक वेळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा, तिरका मोजलेला. आडव्यात 120 ते 140 अंश मिळाले तरी भरपूर. त्याहून रुंद भिंगात वस्तू आहेत त्यापेक्षा लांब भासतात आणि सरळ भिंत धनुष्यासारखी वाकते. दुकानात विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: कॅमेरा साधा सीव्हीबीएस (जुन्या पद्धतीचा व्हिडिओ) आहे की एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा), आणि माझा स्टिरिओ काय घेतो? एएचडी कॅमेरा जुन्या स्टिरिओला जोडला तर पडदा काळा राहतो किंवा चिंध्या दिसतात आणि कॅमेरा खराब निघाला म्हणून परत जातो. साध्या कॅमेऱ्यात पाल आणि एनटीएससी या व्हिडिओच्या दोन पद्धतींची गल्लत झाली की चित्र काळंपांढरं होऊन वर सरकत राहतं. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये ते एका मिनिटात बदलतं. कॅमेऱ्याभोवतीच्या आठ चमकत्या एलईडींना भुलू नका, दोन फुटांपलीकडे त्यांचा उजेड पोचत नाही. त्यापेक्षा रिव्हर्स लॅम्पची काच पुसून घ्या, रात्री चित्र त्याच उजेडावर दिसतं.

जागा: नंबरप्लेटच्या वर, मधोमध. प्लेटच्या चौकटीतच कॅमेरा असलेला प्रकार एचएसआरपीला (हाय सिक्युरिटी नंबरप्लेटला) चालत नाही. ती प्लेट स्नॅप-लॉकने बसलेली असते, काढून परत लावता येत नाही आणि तिच्यावर काही झाकता येत नाही. मिळत असेल तर तुमच्या मॉडेलच्या नंबरप्लेट-दिव्याच्या जागी बसणारा कॅमेरा घ्या, पत्र्याला भोक पाडावं लागत नाही. कोन लावताना पडद्याच्या तळाशी आपल्याच बंपरची कड पातळ पट्टीसारखी दिसली पाहिजे. बहुतेक फिटर ती ‘घाण दिसते’ म्हणून कॅमेरा वर उचलून देतात आणि लांबचं छान दिसायला लागतं. लांबचं आरशातही दिसतं हो. ती कड दिसली नाही तर बंपरलगतची वीतभर जमीन, म्हणजे पायरी नेमकी जिथे असते ती, पडद्याबाहेर जाते.

हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा कारखान्यात छापलेल्या असतात, तुमच्या गाडीची रुंदी त्यांना ठाऊक नसते. सपाट जागी बंपरपासून अर्धा, एक आणि दोन मीटरवर खडूने आडव्या रेघा ओढा आणि पडद्यावर कोणती रेष कुठे पडते ते बघून ठेवा. लाल रेषेखाली प्रत्यक्षात किती जागा उरते हे त्याशिवाय कळत नाही. काही वेळा स्टिरिओ स्वतःच्या रेषा काढतो आणि कॅमेरा आपल्या, मग पडद्यावर दोन रेल्वेमार्ग. कॅमेऱ्याच्या वायरला दोन छोटे लूप असतात: एक कापला की रेषा जातात, दुसरा कापला की चित्राची उजवी-डावी बाजू पालटते. रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून कापण्याआधी माहितीपत्रक वाचा. उलटसुलट तपासायची सोपी रीत: कुणाला तरी गाडीमागे, गाडीकडे तोंड करून उभं करा आणि डावा हात वर करायला सांगा. हात पडद्याच्या डाव्या बाजूला दिसला पाहिजे. उजवीकडे दिसला तर तुम्ही स्टिअरिंग भलतीकडे फिरवणार.

वायरिंगवर जरा थांबायला हवं, कारण ‘कॅमेरा गेला’ अशा तक्रारींत कॅमेरा क्वचितच गेलेला असतो. कॅमेऱ्याला 12 व्होल्ट लागतात आणि ते रिव्हर्स लॅम्पवरून घेतात. इंजिन बंद, चावी ऑन, हँडब्रेक ओढून आणि चाकाला वीट लावून गिअर रिव्हर्सला टाकायचा आणि मल्टिमीटरने वायर शोधायची. बल्बच्या टेस्टरने टोचाटोची करणारा फिटर असेल तर गाडी बाहेर काढा. नव्या गाड्यांत हा दिवा थेट स्विचवरून चालत नाही, बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून (दिवे वगैरे चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यातून) चालतो, आणि टेस्टरचा जादा भार त्याला सोसेलच असं नाही. अशाच गाड्यांत, विशेषतः एलईडी दिव्यांच्या, वीज सलग न येता ठोक्याठोक्याने येते आणि कॅमेऱ्याचं चित्र थरथरतं किंवा आडव्या पट्ट्या येतात. त्यासाठी छोटा फिल्टर किंवा कपॅसिटरवाला रिले मिळतो. दुसरी वाट म्हणजे कॅमेऱ्याला वीज अ‍ॅक्सेसरी लाइनवरून फ्यूज लावून द्यायची आणि रिव्हर्सची वायर फक्त स्टिरिओला इशाऱ्यापुरती वापरायची. व्हिडिओ केबलसोबत जी बारीक लाल वायर धावते ती याच इशाऱ्यासाठी असते. ती न जोडल्यास कॅमेरा चालू राहतो आणि पडदा मात्र गाणीच दाखवत बसतो.

कंपनीची वायर कापून, सोलून, पिळून वर काळी टेप मारणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय जॉइंट. बडोद्याच्या उन्हात टेपचा डिंक पातळ होऊन टेप घसरते, पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. मॉडेलप्रमाणे मिळणारा टी-कपलर (कंपनीच्या प्लगांमध्ये बसणारा जोड) लावला तर काहीच कापावं लागत नाही आणि वॉरंटीत वाद होत नाही. नाहीच मिळाला तर सोल्डर आणि त्यावर हीट-श्रिंक नळी. हॅचबॅकमध्ये केबल डिकीच्या दरवाजातून छताकडे जाते ती रबरी नळीतूनच गेली पाहिजे. नळी फोडून बाहेरून टाकलेली केबल दरवाजा रोज उघडून-मिटून बिजागरीपाशी आतून तुटते. लक्षण असं: डिकी जोरात आपटली की चित्र येतं. खांबातून केबल ओढताना ती कर्टन एअरबॅगच्या मागून जाते की पुढून, हे स्वतः उभं राहून बघा. पुढून गेलेली केबल एअरबॅग उघडण्याच्या वाटेत येते.

आता तो आरसा. पडदा चार-सव्वाचार इंचांचा आणि त्यावर काच चकचकीत. दुपारच्या उन्हात त्यात तुमचाच चेहरा दिसतो. वरून तो मूळ आरशावर रबराने अडकवतात, त्या वजनाने खड्ड्यात आरसा खाली मान टाकतो. स्टिरिओला पडदा नसेल तर डॅशबोर्डवर खाली बसणारा वेगळा छोटा मॉनिटर बरा. अँड्रॉइड स्टिरिओ घेणार असाल तर एक तपासणी दुकानातच करा: गाडी पूर्ण बंद करून थोड्या वेळाने चालू करा आणि लगेच रिव्हर्स टाका. दोन सेकंदांत चित्र आलं तर उत्तम. स्टिरिओ आधी आपला लोगो फिरवत बसला, तर सकाळी पार्किंगमधून गाडी काढताना, म्हणजे गरज सगळ्यात जास्त असते तेव्हा, पडदा रोज काळाच असेल.

पावसाळ्याचं. खोक्यावर आयपी 67 (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ते कॅमेऱ्याच्या डोक्यापुरतं असतं. केबलचा जोड आणि पिवळी पिन पाण्याला उघडीच. अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) भरलेलं असताना त्यातून गाडी घातली तर पाणी बंपरच्या आत चढतं आणि सेन्सरच्या जोडण्यांत गाळ बसतो. दोन-तीन आठवड्यांनी चारातला एक सेन्सर गप्प होतो किंवा अखंड वाजतो. जोड बंपरच्या आत खाली लोंबकळू न देता वर डिकीच्या आत घ्यायला सांगा. भिंगावर आतून वाफ धरली तर कॅमेरा बदला, त्याला इलाज नाही. बाहेरून चिखल बसला तर आधी पाणी ओता, मग मऊ कापड. कोरड्या फडक्याने पुसलेलं भिंग वर्षभरात दुधाळ होतं आणि समोरच्या हेडलाइटचा उजेड त्यात पसरतो.

पूर्ण किट उत्तम बसवलं तरी एक गोष्ट त्याच्या आवाक्याबाहेर आहे: आडवी येणारी वाहनं. दोन उभ्या गाड्यांच्या मधून दांडिया बाजारच्या रस्त्यावर मागे निघताना कॅमेरा गाडीच्या अगदी मागे असूनही त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारच्या गाड्यांच्या भिंती असतात. डावीकडून येणारी स्कूटी पडद्यावर उगवते तेव्हा ती तुमच्या डिकीपाशीच असते. हे ओळखायला मागच्या कोपऱ्यांत रडार लागतात, ते बहुतेक कंपनीचेच येतात आणि महागड्या गाड्यांत. 360 अंशांच्या कॅमेऱ्यानेही हे सुटत नाही. तो वरून काढल्यासारखं चित्र चार कॅमेऱ्यांची शिलाई करून बनवतो, शिलाईच्या कोपऱ्यांत बारीक वस्तू हरवतात, आणि बंपर किंवा आरसा एकदा हलला की पुन्हा कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं. गल्लीत राहणाऱ्याने गाडी लावतानाच मागे घेऊन लावावी. लावताना समोरच्या मोकळ्या जागेची तुम्ही आधी पाहणी केलेली असते, काढताना तोंड रस्त्याकडे असतं.

रिव्हर्स टाकताच बाहेर गाणं वाजवणारा हॉर्न दुकानदार वर फुकट देऊ करतो. गाणं नको. साधा ‘बीप-बीप’ असेल तर जरूर घ्या, पोळात खेळणाऱ्या मुलांसाठी तेवढी एकच सूचना बाहेर ऐकू जाणारी असते. पण त्याला स्विच लावून घ्या, रात्री अकराला अख्खी पोळ उठवायची नसेल तर.

बजेट आखडतं असेल तर बिनब्रँडचा स्वस्त कॅमेरा चालेल, वाचलेले पैसे कपलर, फिल्टर आणि चांगल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनवर घाला. फिटिंगला दीड-दोन तास लागतात. वीस मिनिटांत झालं म्हणाला तर केबल पायदानाखालून मोकळीच सोडलेली असते. पैसे देण्याआधी मागचा टेललॅम्प उघडून जॉइंट दाखवायला सांगा, रिव्हर्स दहा वेळा टाकून-काढून चित्र दहाही वेळा येतं का बघा, आणि बोनेट-डिकी उघडझाप करून पुन्हा एकदा. कापलेली टोकं आणि न वापरलेल्या रिंगा खोक्यात टाकून घरी न्या, सेन्सर बदलायची वेळ आली की तीच रिंग कुठेच मिळत नाही.